उभा राहिलेला वर्ग

बारामती
रविवार, १० ऑगस्ट २०२५

आदरणीय विमलबाई,

पत्राच्या आरंभी आधी तुमची खुशाली विचारावी की स्वतःची ओळख द्यावी, हे मला लवकर ठरवता आले नाही. तुमच्या हाताखालून गेलेल्या मुलींमध्ये उत्कर्षा नावाची एकच असेल असे नाही. म्हणून सांगते: निरवांगीच्या जोतीराम तात्यांची मुलगी, पहिल्या बाकावर बसूनही जिचा आवाज तुमच्या टेबलापर्यंत पोचत नसे, ती मी.

मी आधी बडोद्याला फोन केला होता. तो इंद्रजितदादांनी उचलला. ते म्हणाले, "आईला फोनवर काही ऐकू येत नाही गं. कानाचं यंत्र आणलंय, ते तिनं सुपारीच्या डब्यात ठेवलंय. तू पत्र लिही. पत्र ती दोनदा वाचते." त्यावरून मागच्या दोन दिवाळ्यांना मी पाठवलेली पत्रेही तुम्ही दोनदा वाचली असतील, अशी समजूत मी करून घेतली आहे. उत्तराचा विषय मी काढत नाही.

बातमी अशी की मला काम लागले आहे. येथील एका शिक्षण न्यासाने बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील नववीच्या मुलांची एक चाचणी हाती घेतली आहे. इंग्रजी ऐकून त्यांना किती कळते आणि वाचून किती कळते, एवढेच तपासायचे. बोलायला लावायचे नाही, निबंध लिहायला सांगायचा नाही. आधी एक छापील उतारा आणि त्याखालचे प्रश्न. मग कंपासपेट्या बंद, लक्ष समोर, आणि स्पीकरवर एक ध्वनिमुद्रण. ते संपेपर्यंत मुलांनी ऐकता ऐकता उत्तरे लिहायची. मी चाचणी घेणारी आहे.

मराठी घेऊन एम.ए. झालेल्या मुलीला हे काम कोणी दिले, असे तुम्ही बडोद्यात बसून विचाराल. मुलाखतीत त्यांनी मला इंग्रजी उतारा वाचायला दिला. माझे वाचून झाल्यावर समोरच्या बाईंनी विचारले, "हे उच्चार कुठं शिकलात?" मी तुमचे नाव आणि गाव सांगितले. त्या म्हणाल्या, "छान. आता तोच उतारा आम्हाला ऐकू येईल असा वाचा."

पहिली शाळा वडगाव निंबाळकरची होती. चाचणीपूर्वी मुलांना सूचना वाचून दाखवायच्या असतात. मी वाचू लागले. थोड्या वेळाने मागच्या बाकावरचा एक मुलगा अत्यंत आदराने उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुमी ह्ये आमाला सांगताय का सोताशीच बोलताय?" वर्ग हसला. मीही हसले, पण तेही कोणाला ऐकू गेले नसणार. शेवटी सूचना केयूर सरांनी वाचल्या. केयूर सर हे न्यासाचे दुसरे कर्मचारी. स्पीकर, वायरी आणि प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे त्यांच्या ताब्यात असतात. येथील केशव वकिलांचे ते चिरंजीव. त्यांचा आवाज चांगला आहे. हे मी केवळ सूचनांच्या संदर्भात लिहिते आहे.

आता जे सांगण्यासाठी पत्र लिहायला घेतले, ते. चाचणीच्या यादीत आपली निरवांगीची शाळा आहे. कुंडलिक सर आता मुख्याध्यापक आहेत, हे तुम्हाला माहीत असेलच. त्यांचा मला फोन आला. संस्थाचालक म्हणतात, गावातली बरीच मुले बसने इंग्रजी शाळांत जाऊ लागली आहेत, मग आपल्याकडे गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणारी सेमीची तुकडी कशासाठी चालवायची? पोरांना इंग्रजी कळते तरी का, हे न्यासाच्या निकालात बघू आणि ठरवू.

म्हणजे तुम्ही सुरू केलेली तुकडी, बाई. ज्या तुकडीसाठी तुम्ही घरोघर जाऊन पालकांसमोर बसला होतात, आणि आमच्या तात्यांना म्हणाला होतात की मुलगी मला द्या, म्हशी तुम्ही ठेवा. बसचे भाडे परवडणारी मुले बारामतीला जातील. राहिलेल्यांचे काय, हा प्रश्न बैठकीत कोणी विचारत नाही.

निकाल चांगला लागेल, याची मला खात्री आहे. तुमच्या शाळेतली मुले आहेत ती.

तुमची,
उत्कर्षा


निरवांगी
रविवार, ३१ ऑगस्ट २०२५

आदरणीय बाई,

गौरी-गणपतीसाठी घरी आले आहे. मागच्या पत्राच्या शेवटी मी जी खात्री व्यक्त केली होती, ती कृपया खोडून टाकावी.

निरवांगीच्या वर्गाला श्रवणात शून्य मिळाले आहे. एकट्यादुकट्याला नव्हे, सबंध वर्गाला. वडगावला नाही, बावड्याला नाही, फक्त आपल्या शाळेत. कसे, ते क्रमाने सांगते.

वाचनाचा भाग उत्तम झाला. मग केयूर सरांनी स्पीकर सुरू केला आणि ते मीटरच्या पेटीपाशी गेले, कारण आपल्या शाळेतली वीज अजूनही तुमच्या वेळच्यासारखीच लहरी आहे. ध्वनिमुद्रणात एका गृहस्थांचा भारदस्त आवाज आहे. ते सुरुवातीला म्हणतात, "गुड मॉर्निंग, स्टुडंट्स. हाउ आर यू?" आणि न थांबता पुढच्या गोष्टीला लागतात. बावड्याची मुले यावर गप्प बसून होती. गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला की घरातली माणसे जशी आपापले काम करत राहतात, तशी.

आपला वर्ग मात्र उठून उभा राहिला. सगळे बाक एकदम सरकले आणि खणखणीत आवाज आला, "गुड मॉर्निंग, सर. वुई आर फाइन, थँक्यू. हाउ आर यू, सर?"

आणि वर्ग उत्तराची वाट पाहू लागला.

ही रीत तुमचीच आहे, तुम्हाला ती काय सांगायची. पण नंतर केयूर सरांना समजावून सांगताना ती मला पहिल्यांदा नीट दिसली, म्हणून लिहिते. इतर शाळांत शिक्षक 'सिट डाउन' म्हणतात आणि काम संपते. तुम्ही आमच्या 'हाउ आर यू' ला रोज खरे उत्तर देत होतात. आज माझे गुडघे माझ्यावर रुसले आहेत. आज एसटीने मला फाट्यावरच सोडले, म्हणून मी अर्धी चालत आणि अर्धी ट्रॅक्टरवर आले आहे. आज इंद्रजितने भाजीत मीठ दोनदा घातले. सगळे इंग्रजीतून, रोज नवे वाक्य, आणि ते कळल्याशिवाय कोणी बसायचे नाही. कळले की चेहऱ्यावर दिसायचे. मग तुम्ही 'सिट डाउन' म्हणायचात. आम्ही इंग्रजी ऐकायला शिकलो ते बाकावर बसून नव्हे, बाई, तुमच्या गुडघ्यांची चौकशी करत उभे राहून.

कुंडलिक सरांनी ही रीत तशीच चालू ठेवली आहे. त्यांचे उत्तर बहुधा त्यांच्या स्कूटरविषयी असते.

तर वर्गाने त्या गृहस्थांची तब्येत विचारली होती. गृहस्थांनी ती सांगितली नाही. ते मीरा नावाच्या मुलीची छत्री बसमध्ये कशी राहिली, ते सांगू लागले. वर्ग उभाच. बसा, असे कोणी म्हटले नव्हते. पेने बाकांवर, हात बाजूला, नजर स्पीकरवर.

मी काय करत होते, असे तुम्ही विचाराल. मीही उभी होते. भिंतीकडेच्या खुर्चीवर बसले होते, ती वर्गाबरोबर कधी उठले ते मला कळलेसुद्धा नाही. ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर चाचणी घेणाऱ्याने एक शब्दही बोलायचा नाही, असा न्यासाचा नियम आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एखादा नियम माझ्या स्वभावाला इतका अनुकूल होता. मी तो तंतोतंत पाळला.

इतक्यात केयूर सर दारात आले. सगळा वर्ग निश्चल उभा पाहून त्यांनी चपला काढल्या, हात जोडले, मान खाली घातली आणि माझ्याजवळ येऊन अगदी हळू विचारले, "कोण गेलं?"

मला बोलता येत नव्हते. ते ध्वनिमुद्रण संपेपर्यंत मान खाली घालून उभे राहिले.

मग उत्तरपत्रिका गोळा केल्या. कोऱ्या. केयूर सर म्हणाले, "मुलं उभी होती ते ठीक आहे. पण तू का उभी होतीस?" (त्या दिवशी ते मला पहिल्यांदाच अगंतुगं बोलले. रागाच्या भरात बोलले, असे मी धरून चालले आहे. नंतर मात्र ते तसेच बोलत राहिले.)

कुंडलिक सर खिडकीतून सगळे पाहत होते. ते आत आले. "उत्कर्षे, तू हितलीच हायेस. तू तरी बसा म्हनायचंस."

"सर, मला नियम होता. तुम्ही खिडकीत उभे होतात, तुम्ही म्हणायचंत."

"मी काय म्हननार? मला तरी कुणी बस म्हनलं व्हतं का?"

ते विनोदाने बोलले नाहीत. सर तुमच्या पहिल्या वर्गातले विद्यार्थी, हे माझ्या लक्षात होते.

पण बाई, मुलांनी ऐकले नव्हते असे नाही. पहिल्या बाकावर सोनम नावाची मुलगी बसते. मी तिला विचारले, तुला काही कळलं का? ती म्हणाली, "व्हय की. छत्री हिरवी हुती. कंडक्टरनं शीटाखाली ठिवली हुती. पोरगी लई रडली. मग डेपोत छत्री गावली, पर घरी जाऊन उघडली तर दुसऱ्याचीच. बाई, त्या सरांची तब्येत बरी न्हाय का? त्यांनी सांगितलंच न्हाय."

सगळे प्रश्न तिच्या बोलण्यात आले होते, छत्रीच्या रंगासकट. "मग लिहिलं का नाहीस?"

"उभ्यानं कसं लिवायचं, बाई?"

न्यासाच्या हिशेबाने मात्र कागदावर नाही ते ऐकलेले नाही. कुंडलिक सर म्हणाले, "ह्यो शून्य मिटिंगमधी गेला की तुकडीचा इषय चा येईपरेंत संपंल." तेव्हा मी न्यासाला लिहून दिले की चाचणी घेण्यात माझ्याकडून चूक झाली, वर्गाची नाही. त्यांनी फेरचाचणी मंजूर केली आहे. एकदाच, वीस सप्टेंबरच्या आत. पण जुने ध्वनिमुद्रण मुलांनी ऐकले आहे, म्हणून नवे हवे, आणि ते आम्हीच तयार करायचे.

त्यामुळे आज गौरी बसवून झाल्यावर मी इंग्रजी उतारा लिहायला बसले. इतक्या वर्षांनी. विषय आमची चंद्री म्हैस. तात्या रोज सकाळी सायकलला किटल्या लावून डेअरीवर जातात आणि चंद्री त्यांच्यामागून चालत जाते. मागच्या महिन्यात तात्या तापाने पडून होते, तर ती एकटीच गेली आणि डेअरीच्या दारात उभी राहिली. हलेना. शेवटी सचिवांनी घरी फोन केला, "जोतीरामराव, म्हस आलीया, दूध कुठाय?" हे सगळे मी इंग्रजीत लिहीत असताना तात्या माझ्या डोक्याशी उभे होते. म्हणाले, "चंद्रीची इंग्रजीची परीक्षा हाय म्हन की. पास झाली तर पेंड वाढिवतो."

उतारा आणि प्रश्न सोबत जोडले आहेत. केयूर सरांचे म्हणणे पडले की या खेपेस रामराम-शामराम काही नको, पहिल्या वाक्यापासून सरळ म्हैस चालू करावी. म्हणून अभिवादन गाळले आहे.

तुम्ही एकदा नजर घालाल का? माझ्यावर रागावून घातलीत तरी चालेल.

तुमची,
उत्कर्षा


बारामती
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

आदरणीय बाई,

बडोद्याचा लिफाफा गुरुवारी मिळाला. मी तो न्यासाच्या कार्यालयात उघडला नाही. बसस्थानकाजवळच्या रसवंतीत जाऊन उघडला, आणि रस तसाच राहिला.

आत पत्र नव्हते. माझाच उतारा होता, लाल शाईने भरलेला.

तुमची लाल शाई अजून तीच आहे. चंद्री 'आनंदाने हसत' चालत होती, असे मी लिहिले होते, त्यावर काट मारून तुम्ही समासात लिहिले आहे: 'म्हैस हसत नाही. हसणारे तिच्याकडे बघणारे असतात.' सचिवांच्या फोनच्या वाक्यात मी पुस्तकी इंग्रजी वापरले होते, त्यावर: 'डेअरीवरचा माणूस असा बोलतो का?' तिसरा प्रश्न तुम्ही उडवला, कारण त्याचे उत्तर उतारा न ऐकता देता येते. खाली गुण: दहापैकी सात. ते पाहून माझे जे झाले, ते लिहिण्याइतकी माझी मराठी अद्याप तयार नाही.

आणि अगदी वर, पहिल्या वाक्याच्याही वर, जिथे मी काही लिहिले नव्हते, तिथे तुम्ही ठळक अक्षरांत 'गुड मॉर्निंग, हाउ आर यू' घातले आहे. त्यापुढे बाण, आणि बाणाच्या टोकाशी: 'थांब. मुलांना उत्तर देऊ दे. मग तुझे खरे उत्तर सांग. मग बसव.'

मी तो कागद केयूरना दाखवला. बाणावर बोट ठेवून ते म्हणाले, "आपण मुलांचं बोलणं काढून टाकायला निघालो होतो. या बाई आपल्या आवाजाला थांबायला लावताहेत." मग विचारले, "यांना भेटता येईल का?" मी म्हटले, आधी त्यांनी मला भेटायला हवे.

कारण बाई, त्या दिवसाविषयी मला एक गोष्ट आता सुचते आहे. तुम्ही बडोद्याला निघालात तेव्हा मी निरोप द्यायला फाट्यावर आले होते. मी एम.ए.ला मराठी घेतले हे तुम्हाला कोणीतरी आधीच सांगितले होते. तुम्ही म्हणालात, "मराठी तर तुला येतच होतं. मग माझ्याकडून एवढं शिकलीस कशाला?" आणि माझ्याकडे पाहत थांबलात. मग एसटी आली, तुम्ही चढलात आणि मागे पाहिले नाही. मी गप्प राहिले, असा तुमचा समज झाला असावा. मी गप्प नव्हते. मी उत्तर दिले होते, पण माझ्या आवाजात. आणि इंद्रजितदादा परवा म्हणाले की आईचे कान त्याच्या आधीच्या वर्षापासून मंद झाले होते, तिने कोणाला कळू दिले नाही.

तेव्हा जे म्हटले, ते आता लिहून देते, म्हणजे दोनदा वाचले जाईल. मी म्हटले होते: बाई, इंग्रजीचे एक वाक्य सोडवून त्याचे तुकडे कसे जोडलेले असतात, हे तुम्ही दाखवलेत, तेव्हा मला माझ्या घरातले बोलणे पहिल्यांदा ऐकू आले. तात्यांचे, आईचे, डेअरीवरचे. मी मराठीकडे गेले ती तुमच्याच वर्गाच्या दारातून गेले.

हे फाट्यावर, ट्रकच्या आवाजात, कोणाला ऐकू जाणार होते?

असो. ध्वनिमुद्रण काल झाले. त्याला शांत जागा लागते, आणि गणपती उठले तरी बारामतीतली मंडळे अजून शांत झालेली नाहीत. शेवटी केयूरच्या घरी, गाद्यांच्या खोलीत. चारी बाजूंनी गाद्या आणि रजया, मध्ये मी आणि एक छोटे यंत्र. मी वाचले. यंत्राला काही मिळाले नाही. पुन्हा वाचले. दाराबाहेर केयूरच्या आई, आसावरीकाकू, निवडायला मेथी घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, तू मुलांची परीक्षा घेतेयस की शेजारणीकडे विरजण मागतेयस?"

सगळे हसले, आणि मला रडू येईल असे वाटले. मग मी तुमचा लाल शाईचा कागद समोरच्या गादीला टाचणीने लावला. डोळ्यांपुढे आपला वर्ग आणला. तुम्ही टेबलाच्या कडेला दोन बोटे टेकवून उभ्या राहता, तशी उशीच्या कडेला टेकवून उभी राहिले, आणि 'गुड मॉर्निंग' म्हटले.

मेथी निवडायचा आवाज थांबला.

मी पुढे वाचत गेले. मुलांच्या उत्तरासाठी जागा सोडली. ते मनात ऐकले. मग 'खरे उत्तर' द्यायचे होते. मी इंग्रजीत म्हटले: आज मला थोडी भीती वाटते आहे, पण तुम्ही सगळे बसलात की ती जाईल. सिट डाउन. आणि मग चंद्री निघाली डेअरीवर.

चाचणी गुरुवारी आहे.

काकूंनी जेवायला थांबवून घेतले. मेथीची भाजी केयूर फार आवडीने खातात. ही माहिती पत्रात का आली, ते सांगता येणार नाही.

तुमची,
उत्कर्षा


निरवांगी
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

आदरणीय बाई,

आधी निकाल सांगते, कारण तुम्ही पत्राचा शेवट आधी वाचणाऱ्यांपैकी आहात, हे मला माहीत आहे. तुकडी राहिली. काल संध्याकाळी बैठक झाली. वाचनात वर्ग दोन्ही तालुक्यांत वरच्या शाळांत आहे, आणि श्रवणात बावड्याच्या किंचित पुढे. फार पुढे नाही. एकाने लिहिले आहे की डेअरी म्हशीच्या मालकीची आहे. पण ते पुरेसे होते. अध्यक्ष म्हणाले म्हणे, "पोरांना कळतंय की. मग बंद कशाला करायची?" जणू तो विचार दुसऱ्याच कोणाचा होता. कुंडलिक सरांनी त्यांची स्कूटर ठीक असल्याचे मला इंग्रजीतून फोनवर कळवले. मी म्हटले, सिट डाउन, सर.

आता गुरुवारचे.

वाचनाचा भाग झाला. केयूरने स्पीकर लावला. या खेपेस तो मीटरच्या पेटीपाशी गेला नाही, माझ्या शेजारी थांबला. मी भिंतीला टेकून होते. स्वतःचा आवाज भर वर्गात ऐकायचा म्हणून मी डोळे मिटून घेतले होते.

"गुड मॉर्निंग, स्टुडंट्स. हाउ आर यू?"

बाई, तो माझा आवाज नव्हता. म्हणजे, निघाला तो माझ्याच गळ्यातून, पण चढ-उतार तुमचे, थांबणे तुमचे, 'मॉर्निंग'मधला तो हलका ठोका तुमचा. गाद्यांच्या खोलीत मला ते कळले नव्हते. वर्गात, त्या पत्र्याखाली, ते लपले नाही.

वर्ग उठला. "गुड मॉर्निंग, बाई." त्यांना 'बाई' म्हणा असे कोणी सांगितले नव्हते, मागच्या वेळी 'सर' होते. "वुई आर फाइन, थँक्यू. हाउ आर यू, बाई?" आणि स्पीकर थांबला. खरोखर थांबला. मुलांच्या चेहऱ्यांवर ते आधी दिसले, मग आवाज आला की आज मला थोडी भीती वाटते आहे, आणि सोनम हसली. तिच्या मागची रांग हसली. कळले होते.

"सिट डाउन." बसले. पेने उचलली.

त्याच वेळी बाहेर व्हरांड्यात धडपड झाली. कुंडलिक सर कार्यालयातून जवळजवळ पळत आले. तोंडातली तंबाखू त्यांनी कुंडीत टाकली होती, हे त्यांच्या मिशीवरून समजत होते. ते शर्टाचे वरचे बटण लावत दारात आले आणि टेबलाकडे पाहू लागले. टेबलापाशी कोणी नव्हते. त्यांच्यामागून म्हस्कूमामा शिपाई, हातात घंटेचा हातोडा घेऊन. दबक्या आवाजात त्यांनी विचारले, "बाई आल्यात व्हय?"

सरांनी तोंडावर बोट ठेवले. दोघे दारात उभे राहिले. चंद्री डेअरीच्या दारात उभी राहिली तेव्हाही ते उभे होते, आणि सचिवांचा फोन आला तेव्हा म्हस्कूमामांना इंग्रजी कळले नाही तरी त्यांचे खांदे हसताना हलत होते. कारण सचिवांचा फोन आला हे सगळ्या गावाला माहीत आहे.

शेवटचे वाक्य झाले, स्पीकर बंद झाला. मुलांनी पेने ठेवली आणि पुन्हा उठून उभी राहिली. "थँक्यू, बाई."

आता ध्वनिमुद्रणात काही शिल्लक नव्हते. वर्ग उभा. सर उभे, म्हस्कूमामा उभे. केयूरने माझ्याकडे पाहिले. नियम संपला होता. ध्वनिमुद्रण संपल्यावर बोलायला हरकत नसते.

मी भिंतीपासून पुढे आले आणि म्हटले, "सिट डाउन."

मागच्या बाकावरचीही बसली, बाई. पहिल्याच वेळी.

म्हस्कूमामा दारातच उकिडवे बसले. सर तेवढे उभे राहिले. म्हणाले, "ह्यो आवाज तुझा हाय, आधीचा बाईंचा हुता." मग जाता जाता, "दोन्ही चालतील."

तात्यांनी चंद्रीची पेंड वाढवली आहे. केयूर पुढच्या रविवारी तिला बघायला येणार आहे. आसावरीकाकूही बरोबर येणार आहेत. म्हशीत एवढं दोघांनी येऊन बघण्यासारखं काय असतं, असे तात्यांनी मला विचारले. मी उत्तर दिले, पण ते त्यांना ऐकू गेले नसावे. आईला गेले.

एक काम तेवढे राहिले आहे. केयूरने वर्गाचा तो आवाज मुद्रित करून ठेवला आहे आणि इंद्रजितदादांच्या फोनवर पाठवू म्हणतो. मी नको म्हटले. यंत्र सुपारीच्या डब्यात आहे, आणि ते तिथे सुखात असेल तर असू द्यावे. मी लिहूनच कळवते, म्हणजे तुम्हाला नक्की पोचेल.

काल सकाळी, बैठकीच्या आधी, मी शाळेत गुण सांगायला गेले, तेव्हा सोनमने विचारले, "ज्यांचा आवाज हुता, त्या बाई खऱ्या हायेत का?" मी म्हटले, खऱ्या आहेत, बडोद्याला असतात. मग ती वर्गाकडे वळली, वर्गाला काय समजायचे ते समजले, आणि सगळा वर्ग उभा राहिला. माझ्याकडे नव्हे, बाई. खिडकीकडे तोंड करून, बडोदा त्या बाजूला असेल अशा समजुतीने. गावाजवळचा कालवा कुठल्या बाजूला वाहतो तेही त्यांना नीट माहीत नाही, पण विचारले अगदी खणखणीत:

"गुड मॉर्निंग, बाई. वुई आर फाइन, थँक्यू. हाउ आर यू, बाई?"

मी त्यांना सांगितले आहे की उत्तर पोस्टाने येईल आणि ते खरे असेल. सिट डाउन म्हणायला मी विसरले नाही, पण म्हटले नाही. ते तुमच्याकडे आहे.

तुमची,
उत्कर्षा